वाटेवरचा आसरा : धर्मशाळांच्या परंपरेचा मागोवा

दिवसभराची वाटचाल सरत आली आहे, सूर्य मावळतीकडे झुकला आहे आणि अनोळखी गावाच्या कडेला एखाद्या जुन्या धर्मशाळेचा दरवाजा उघडा दिसावा, या क्षणी वाटसरूला होणाऱ्या आनंदाला तोड नाही. आतला फरसबंद चौक, भोवतीची ओसरी, विहिरीचे थंड पाणी आणि 'या, बसा' हे दोन शब्द एवढ्यानेच प्रवासाचा शीण उतरतो. रात्रिभोजनाचा त्याग आणि गाळलेल्या पाण्याचा नियम पाळणाऱ्या जैन यात्रेकरूस तर सूर्यास्तापूर्वी अशी जागा सापडणे म्हणजे व्रताचे रक्षणच होय. हा आनंद आपल्यासाठी कोणी निर्माण करून ठेवला, याचा थोडा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

महाराष्ट्रातील जैन परंपरेचा प्राचीनतम पुरावा म्हणून अनेक अभ्यासक ज्याचा उल्लेख करतात, तो पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात पाले येथील लेण्यातील शिलालेख होय. डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रकाशात आणला. त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. अर्हंतांना वंदन करून इंद्ररक्षिताने लेणे व पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याची नोंद त्यात आहे. निवारा आणि पाणी! दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याने नेमक्या या दोनच गोष्टी दिल्या, आणि पुढील सर्व धर्मशाळांचे मूळ या जोडीतच आहे.

ही दृष्टी कोणा एका संप्रदायापुरती नव्हती. सम्राट अशोकाने मार्गांवर वटवृक्ष लावले, विहिरी खणल्या, हे त्याच्या स्तंभलेखातून कळते. नाशिकच्या पांडवलेण्यातील लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकचा परिसर आणि नालासोपारा, येथे चौसोपी विश्रामगृहे बांधल्याचा उल्लेख आहे. दमण, तापी, डहाणुका इत्यादी नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केली होती. पुढे शेरशहाने राजमार्गांवर सराया उभारल्या, तर अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी देशभरातील तीर्थस्थानी घाट व धर्मशाळा बांधल्या.

जैन आचार्यांनी या कार्यास धर्माचे अधिष्ठान दिले. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त आहार, औषध व उपकरण यांच्या जोडीने आवासाचे दान सांगितले आहे. या आवासदानाचा दृष्टांत म्हणून त्यांनी राजाचे वा श्रेष्ठीचे नाव घेतलेले नाही, तर एका रानडुकराचे घेतले आहे. गुहेत राहिलेल्या मुनीचे वाघापासून रक्षण करताना त्याने प्राण वेचले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. आसरा देण्यासाठी संपत्ती नव्हे, तर करुणा लागते, हेच यातून सूचित होते.

आसरा न मिळाल्यास काय होते, हे कविवर बनारसीदासांनी स्वानुभवातून लिहून ठेवले आहे. जौनपूर येथे 1586 मध्ये जन्मलेल्या या जैन व्यापाऱ्याने 1641 मध्ये 'अर्धकथानक' हे पद्य आत्मचरित्र पूर्ण केले. आग्र्याच्या वाटेवर इटावा शहराजवळ मुसळधार पावसात ते सोबत्यांसह सापडले. सराईत जागा नव्हती आणि कोणी दार उघडेना. शेवटी एका चौकीदाराच्या झोपडीत त्यांना थारा मिळाला, पण नंतर आलेल्या मनुष्याने खाट अडवल्यामुळे त्या खाटेखाली झोपून त्यांना रात्र काढावी लागली. गाठीशी विक्रीचा माल असूनही माणूस एका रात्रीपुरता किती निराधार होतो, याचे हे मार्मिक चित्र आहे.

योगायोग असा की, हे आत्मचरित्र 1943 मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी संपादून प्रकाशित केले, तेव्हा त्यांच्या 'हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालया'चा पत्ता मुंबईची हिराबाग हा होता. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (1851–1914) यांनी पित्याच्या स्मरणार्थ विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेली ती धर्मशाळाच होय. खाटेखाली रात्र काढणाऱ्या कवीच्या ग्रंथाला तीन शतकांनी एका धर्मशाळेत घर मिळाले!

तीर्थक्षेत्री तर धर्मशाळा यात्रेचेच अंग बनली आहे. शत्रुंजयाच्या पवित्र पर्वतावर यात्रेकरू रात्री मुक्काम करीत नाहीत, त्यामुळे पायथ्याचे पालिताणा धर्मशाळांनी गजबजले. यात्रा करून उतरणाऱ्या थकल्या जीवांना तळेटीत प्रेमाने दिला जाणारा 'भाता' ज्यांनी घेतला आहे, त्यांना त्याची गोडी वर्णन करून सांगावयास नको. सम्मेद शिखरजीच्या पायथ्याशी मधुबनातही पहाटेच्या अंधारात वंदनेस निघणाऱ्यांना दिगंबर व श्वेतांबर कोठ्यांचाच आधार असतो.

आज रस्ते रुंद झाले, वाहने वेगवान झाली. पूर्वी जेथे मुक्काम पडत असे, ती गावे आता न थांबता मागे पडतात. आडवाटेवरील कित्येक धर्मशाळांच्या खोल्यांना कुलपे आहेत, तर कोठे वातानुकूलित खोल्यांच्या हव्यासात सामान्य यात्रेकरूची ओसरी आक्रसत चालली आहे. सुखसोयी अवश्य वाढाव्यात. वृद्धांना व आजाऱ्यांना त्यांची गरज आहे. परंतु भाडे परवडत नाही म्हणून एकही यात्रेकरू दारातून परत जाऊ नये, एवढी दक्षता विश्वस्तांनी आणि समाजाने घेतली पाहिजे. प्रवासात आपणही एखादा मुक्काम अशा जुन्या वास्तूत मुद्दाम करावा, तिच्या दात्याचा शिलाफलक वाचावा आणि निघताना यथाशक्ती दान द्यावे. वापरात असलेली वास्तूच टिकते.

ज्यांनी या वास्तू बांधल्या त्यांना आपली नावे ठाऊक नव्हती. तरीही त्यांनी आपल्यासाठी दार उघडे ठेवले. आपल्यालाही अपरिचित असलेल्या उद्याच्या वाटसरूसाठी ते दार तसेच उघडे ठेवणे, हेच त्यांचे खरे पुण्यस्मरण होय.