आशियाई युवक फुटबॉल स्पर्धा व तिचें बदललेलें मोल

एप्रिल १९७४ मध्यें बँकॉक येथें भरलेल्या आशियाई युवक फुटबॉल स्पर्धेंत भारताचा संघ इराणबरोबर संयुक्त विजेता ठरला. अंतिम सामन्यांत उभय पक्षांचे दोन-दोन गोल झाले व अजिंक्यपद विभागून देण्यांत आलें. ही हकीकत निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो तिच्या मोलाचा. आज ही स्पर्धा वीस वर्षांखालील खेळाडूंच्या विश्वचषकाची पात्रता-स्पर्धा म्हणून ओळखली जाते. त्यामुळें १९७४ चा विजय वाचतांच सहज शंका येते कीं, मग भारताचा संघ विश्वचषकास कां गेला नाहीं? या शंकेचें निरसन करूं गेल्यास स्पर्धेचें स्वरूपच मध्यंतरीं कसें पालटलें तें ध्यानांत येतें. तेंच येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्पर्धेचा आरंभ १९५९ सालीं क्वालालंपूर येथें झाला. मलायाचे पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान हे १९५८ पासून आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते, व या उपक्रमास त्यांचा पुढाकार कारणीभूत झाला. पहिलीं दोन अजिंक्यपदें दक्षिण कोरियानें मिळविलीं. १९५९ ते १९७८ या वीस वर्षांत दरसाल एक याप्रमाणें वीस स्पर्धा झाल्या. आणि लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्यांपैकीं नऊ वेळां अजिंक्यपद दोन राष्ट्रांत विभागलें गेलें. बरोबरी झाल्यास पेनल्टीच्या फटक्यांनीं निकाल लावण्याची पद्धति १९७० सालीं फुटबॉलच्या नियमांत आली. तत्पूर्वीं सोईचें साधन नव्हतें असें म्हणतां येईल. परंतु १९७४, १९७५, १९७६ व १९७८ या चार सालीं साधन उपलब्ध असूनही पद विभागलेंच गेलें. यावरून आमचें अनुमान असें कीं, कोणा एकासच विजयी ठरविलें पाहिजे अशी निकड या स्पर्धेस त्या काळीं वाटत नव्हती. विजयापलीकडे दुसरें कांहीं मिळावयाचें नसल्यामुळें दोघांनीं तो वांटून घेण्यांत कोणाचेंच नुकसान नव्हतें.

या पहिल्या कालखंडाचा खरा मानकरी ब्रह्मदेश होय. १९६१ पासून १९७० पर्यंतच्या दहा वर्षांत त्यानें सात वेळां अजिंक्यपद मिळविलें. पैकीं पांच वेळां विभागून, व १९६८ आणि १९७० या दोन सालीं स्वतंत्रपणें. तथापि या सात विजयांनीं ब्रह्मी युवकांस आशियाबाहेरील कोणत्याही स्पर्धेचें आमंत्रण आणून दिलें नाहीं. कारण युवकांची विश्वस्पर्धाच तेव्हां अस्तित्वांत नव्हती.

भारताचा विजय याच कालखंडाच्या उत्तरार्धांतला. हैदराबादचा शब्बीर अली हा संघनायक होता, व १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडामहोत्सवांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांतील अरुण घोष हे मार्गदर्शक होते. उपान्त्य सामन्यांत या संघानें यजमान थायलंडचा त्याच्याच भूमीवर पराभव केला. अंतिम सामन्यांतील प्रतिस्पर्धी इराण हा आदल्या वर्षींचा विजेता होता. तेव्हां ही बरोबरी लहान नव्हती.

आतां कालक्रमाकडे पाहावें. बँकॉकच्या अंतिम सामन्यानंतर जेमतेम दीड महिन्यानें, म्हणजे ११ जून १९७४ रोजीं, ब्राझीलचे जुआंव आव्हेलांज हे फिफा या जागतिक संघटनेच्या अध्यक्षपदीं निवडून आले. युवकांची विश्वस्पर्धा सुरू करणें हें त्यांनीं निवडणुकीपूर्वीं दिलेल्या वचनांपैकीं एक होतें. त्याप्रमाणें पहिली स्पर्धा १९७७ सालीं ट्युनिशियांत सोळा संघांची झाली, व सोव्हिएत संघानें ती जिंकली. आशियांतून तेथें कोण गेले? त्याच वर्षीं तेहरान येथें झालेल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत खेळलेले इराक व इराण हे दोन संघ. तीन वर्षांपूर्वीं भारतानें हेंच स्थान गांठलें होतें. पण त्या स्थानापासून पुढें जाणारी वाट तेव्हां बांधलेलीच नव्हती. म्हणून १९७४ सालीं भारताची संधि हुकली, अथवा कोणी ती दवडली, असें म्हणणें हा कालविपर्यास होय. जी संधि नव्हतीच ती हुकणार कशी?

पात्रतेशीं सांगड पडल्यामुळें अजिंक्यपदाचें मोल वाढलें अशी सर्वसाधारण समजूत असते. आमच्या मतें घडलें तें याहून निराळें. वजन वाढलें तें अंतिम सामन्याचें नव्हे, त्याच्या अलीकडच्या सामन्याचें. दोन संघ पुढें जावयाचे असले म्हणजे खरा निर्णय उपान्त्य सामन्यांतच होतो. अंतिम सामना हा केवळ मानाचा उरतो. १९७८ सालीं ढाका येथें इराक व दक्षिण कोरिया यांनीं पद पुन्हां विभागून घेतलें, याचें नवल वाटावयास नको. दोघांचीही पात्रता आधींच निश्चित झाली होती. पुढें इराकनें माघार घेतल्यामुळें १९७९ च्या जपानमधील विश्वस्पर्धेंत इंडोनेशियास प्रवेश मिळाला. अंतिम सामना न खेळलेला हा संघ तेथें अर्जेंटिना, पोलंड व युगोस्लाव्हिया या तिघांकडूनही हरला, आणि एकंदर सोळा गोल खाऊन, एकही न करितां परतला. तरी इंडोनेशियाच्या नांवापुढें विश्वस्पर्धेची नोंद झाली; सात वेळां जिंकलेल्या ब्रह्मदेशाच्या नांवापुढें तेव्हां तशी नोंद नव्हती.

१९९७ पासून विश्वस्पर्धा चोवीस संघांची झाली व आशियास चार जागा मिळाल्या. पुढें निर्णायक सामना आणखी एक पाऊल मागें सरकून उपान्त्यपूर्व फेरींत आला. याचें सर्वांत बोलकें उदाहरण पुन्हां ब्रह्मदेशाचेंच, म्हणजे आतांच्या म्यानमारचें आहे. २०१४ सालीं घरच्या मैदानावर त्यानें उपान्त्यपूर्व सामन्यांत संयुक्त अरब अमिरातींचा पराभव केला. पुढील सामना तो कतारकडून हरला; तथापि २०१५ च्या न्यूझीलंडमधील विश्वस्पर्धेंतील स्थान त्यास मिळून चुकलें होतें. सात अजिंक्यपदांनीं जें दिलें नाहीं तें उपान्त्यपूर्व फेरींतील एका विजयानें दिलें. दोन पिढ्यांतील ब्रह्मी खेळाडूंच्या गुणवत्तेची तुलना या दोन निकालांवरून करूं जाणारा फसल्यावांचून राहणार नाहीं.

भारतापुरतें पाहतां, २००६ सालीं ही स्पर्धा कोलकाता व बंगळूर येथें भरली, परंतु यजमान संघ प्राथमिक गटापुढें गेला नाहीं. १९७७ पासून २०२५ पर्यंतच्या कोणत्याही आशियाई स्पर्धेंतून भारताच्या युवकांस विश्वस्पर्धेची पात्रता मिळालेली नाहीं. सोळा वर्षांखालील मुलांची धाकटी आशियाई स्पर्धा १९८५ सालीं दोहा येथें सुरू झाली. ती मात्र जन्मतःच पात्रता-स्पर्धा होती. २०१६ सालीं ती गोव्यांत, फातोर्डा व बांबोळी येथें झाली. इराक, इराण, जपान व उत्तर कोरिया यांनीं तेथें विश्वचषकांतील चार स्थानें खेळून मिळविलीं. भारत गटांतच बाद झाला, तरी २०१७ च्या विश्वचषकाचा यजमान म्हणून त्याचें स्थान आधींच राखून ठेविलेलें होतें. नवी मुंबई व मडगांव धरून सहा ठिकाणीं तो विश्वचषक झाला. भारत तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंग यानें केलेला गोल हा भारताचा त्या स्पर्धेंतील एकमेव गोल होय. पुढच्याच वर्षीं मलेशियांतील आशियाई स्पर्धेंत भारताचा मुलांचा संघ उपान्त्यपूर्व फेरींत दक्षिण कोरियाकडून केवळ एका गोलानें हरला. तो सामना जिंकता तर भारत प्रथमच स्वतःच्या खेळावर विश्वचषकास गेला असता.

सारांश, १९७४ चें संयुक्त अजिंक्यपद, २०१७ चा यजमानपदानें लाभलेला प्रवेश व २०१८ चा एका गोलाचा पराभव या तीन गोष्टी एकाच मापानें मोजतां येत नाहींत. पहिलींत विजय होता, पण वाट नव्हती. दुसरींत वाट होती, पण ती खेळून मिळविलेली नव्हती. तिसरींत वाट होती व ती खेळून मिळवावयाची होती, म्हणून तो पराभव अधिक बोंचणारा ठरला. केवळ विजेत्यांच्या यादीवरून इतिहास लिहूं गेल्यास पहिलीचीच नोंद होईल. केवळ विश्वचषकाच्या यादीवरून लिहिल्यास दुसरीचीच. निकालाबरोबर त्या त्या सालीं त्या निकालानें काय मिळत असे, हेंही नोंदविलें पाहिजे. तसें केलें म्हणजे बँकॉकच्या त्या संघास त्याचें न्याय्य स्थान मिळेल: न मिळालेल्या विश्वचषकाची हळहळ त्यास चिकटविण्याचें कारण उरणार नाहीं, आणि आशियांतील आपल्या बरोबरीच्या युवकांत तो कोणाहूनही उणा ठरला नाहीं, ही नोंद मात्र कायम राहील.