हॉकी की फुटबॉल: बघायला मजा कशात?

दोन्ही खेळांत अकरा-अकरा खेळाडू, दोन गोल आणि एक चेंडू. तरी फुटबॉल लागला की घरातली दादीसुद्धा पाच मिनिटांत रमते. हॉकी लागली की पोरं विचारत राहतात, "आता शिट्टी कशाला वाजली?"

फरक चेंडूपासूनच सुरू होतो. फुटबॉल शेवटच्या रांगेतूनही दिसतो. हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण ड्रॅग फ्लिकवर ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. टीव्हीवर तो दिसेपर्यंत गोल झालेला असतो. त्यात चेंडू पायाला लागला की शिट्टी. ऑफसाइडची कटकट मात्र हॉकीने १९९० च्या दशकातच काढून टाकली, फुटबॉलमध्ये ती अजून आहे. हॉकीचा सामना १५ मिनिटांच्या चार भागांत, म्हणजे ६० मिनिटांत संपतो आणि गोलही बहुधा जास्त होतात. फुटबॉलमध्ये ९० मिनिटं बसून ०-० वर उठावं लागलं तर कोणाकडे तक्रार करणार?

हॉकीतला खरा थरार पेनल्टी कॉर्नरचा. बचावाला गोलकीपर धरून फक्त पाच जण, तेही गोलरेषेच्या मागून धावत येणार. चेंडू आत ढकलला, थांबवला, मारला, सगळं दोन-तीन सेकंदांत. पॅरिस २०२४ मध्ये कांस्यपदकाच्या लढतीत भारताने स्पेनला २-१ ने हरवलं, तेव्हा आपले दोन्ही गोल हरमनप्रीत सिंगने पेनल्टी कॉर्नरवरच केले होते.

मग हॉकीचा प्रेक्षक गेला कुठे? १९७५ च्या विश्वचषकात भोपाळच्या अस्लम शेर खान यांनी उपांत्य सामन्यात मलेशियाशी बरोबरी साधून दिली, अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ ने हरवलं, आणि लोकांनी हे सगळं रेडिओला कान लावून ऐकलं. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. भारत सातवा आला. मॉस्कोला १९८० मध्ये सुवर्ण मिळालं, त्या संघात बनारसचे मोहम्मद शाहिद होते. त्यानंतर मात्र आजतागायत सुवर्ण नाही. असं मैदान बांधायला कोट्यवधी रुपये लागतात, ते मोहल्ल्यात कुठून येणार? फुटबॉल प्लास्टिकच्या चेंडूवरही होतो, आणि जो खेळ लहानपणी खेळला तोच माणूस पुढे तिकीट काढून बघतो. कोल्हापुरात पेठांच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरतं, ते याचमुळे.

माझं मत विचाराल तर टीव्हीवर फुटबॉल, मैदानावर हॉकी. मुलांना हॉकीला नेलंत तर जागा गोलच्या जवळ घ्या. गोलच्या तळाशी साधारण ४६ सेंटिमीटर उंचीची फळी असते. चेंडू तिच्यावर आदळला की जो 'धाड' आवाज येतो, तो टीव्हीवर अर्धाही पोचत नाही.