द्रवाची घनता आणि तराजू : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : घनता, वस्तुमान, विशिष्ट गुरुत्व, पिक्नोमीटर, हायड्रोमीटर, अबकारी कर

प्रस्तावना :

वस्तुमानास आकारमानाने भागले असता घनता मिळते, हे सूत्र शालेय विद्यार्थ्यासही परिचित आहे. सूत्र सोपे असले तरी प्रत्यक्ष मापनात त्यातील दोन राशी सारख्या सुलभ नाहीत. चांगल्या तराजूवर वस्तुमान अत्यंत अचूक मिळते. मात्र द्रवाचे आकारमान भांड्याचा आकार, पृष्ठभागाची वक्रता आणि तापमान यांवर अवलंबून असल्याने तेथे चूक होण्याचा संभव अधिक असतो. आकारमान मोजण्याचा हा प्रश्न वजन करण्याच्या प्रश्नात कसा रूपांतरित झाला आणि त्यामागे कोणती सामाजिक व आर्थिक गरज होती, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी :

सिराक्यूज येथील आर्किमिडीज (इ.स.पू. २८७-२१२) याने तरंगणाऱ्या पदार्थांविषयी मांडलेला सिद्धांत हा या विषयाचा पाया होय. अल्-बिरुनी (९७३-१०४८) याने धातू व रत्ने पाण्यात बुडवून बाहेर सांडलेल्या पाण्याचे वजन केले. आकारमान न मोजता तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन करावयाचे, ही कल्पना येथे स्पष्टपणे दिसते. अल्-खाझिनी याने ११२१ मध्ये लिहिलेल्या तराजूविषयक ग्रंथात द्रवांच्या विशिष्ट गुरुत्वाचाही विचार आढळतो. युरोपात गॅलिलिओने १५८६ मध्ये जलस्थितिक तराजूवर छोटा निबंध लिहिला. तथापि तोपर्यंत हा विषय मुख्यतः धातूंची व रत्नांची शुद्धता पारखण्यापुरता मर्यादित होता.

मद्यकर आणि अचूक मापनाची निकड :

द्रवांच्या घनतेस खरे महत्त्व प्राप्त झाले ते कराच्या प्रश्नामुळे. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये मद्यावरील कर हे राजस्वाचे मोठे साधन होते. मद्यात अल्कोहोल किती व पाणी किती, यावर कर ठरत असे. अंदाज चुकला तर शासनाचा महसूल बुडे अथवा व्यापाऱ्यास अन्यायकारक कर भरावा लागे. वापरात असलेले हायड्रोमीटर समाधानकारक नसल्याने शासनाने रॉयल सोसायटीकडे विचारणा केली. सोसायटीचे सचिव चार्ल्स ब्लॅग्डन यांनी १७९० मध्ये आपला अहवाल सादर केला आणि जॉर्ज गिल्पिन यांनी केलेल्या मापनांची विस्तृत कोष्टके १७९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

या प्रयोगांत हायड्रोमीटरऐवजी प्रत्यक्ष वजनाची पद्धत स्वीकारण्यात आली. अरुंद मानेच्या काचपात्रात ठरावीक खुणेपर्यंत द्रव भरून त्याचे वजन निरनिराळ्या तापमानांना घेण्यात आले. एवढ्या परिश्रमांचे कारण रासायनिक होते. ५० मिली अल्कोहोल व ५० मिली पाणी एकत्र केल्यास मिश्रण १०० मिली न भरता सुमारे ९६ ते ९७ मिली भरते. त्यामुळे मिश्रणाची घनता साध्या त्रैराशिकाने काढता येत नाही. प्रत्येक प्रमाणासाठी प्रयोगच करावा लागतो. शिवाय तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास अल्कोहोलची घनता सुमारे एक टक्क्याने घटते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तापमान देणे अपरिहार्य ठरले.

पुढे १८१६ मध्ये साइक्स यांच्या हायड्रोमीटरला ब्रिटनमध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. ५१ अंश फॅरनहाइट तापमानास समान आकारमानाच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या १२/१३ पट वजन असणारे मद्य म्हणजे ‘प्रूफ’ मद्य, अशी व्याख्या रूढ झाली. अर्थात कायद्याची व्याख्याही दोन वजनांच्या गुणोत्तरावरच उभी होती. वसाहतकालीन मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा लागू होता आणि मद्याची तीव्रता ‘लंडन प्रूफ’च्या अंशांत मोजली जात असे. लंडनमध्ये निश्चित झालेले प्रमाण अशा रीतीने येथील भट्ट्या व दुकानांपर्यंत पोहोचले.

विशिष्ट गुरुत्व कुपी व गणनपद्धती :

एकोणिसाव्या शतकात पिक्नोमीटर अर्थात विशिष्ट गुरुत्व कुपी प्रयोगशाळेत स्थिरावली. मेंडेलीव्ह यांनी १८६५ मधील आपल्या प्रबंधासाठी अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणांचा अभ्यास केला, तर स्प्रेंगेल यांनी १८७३ मध्ये ‘यू’ आकाराच्या नळीचा पिक्नोमीटर वर्णिला.

या पद्धतीचे स्वरूप पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, रिकाम्या कुपीचे वस्तुमान २२.५० ग्रॅम असून २० अंश सेल्सिअस तापमानास पाण्याने भरल्यावर ते ४७.४६ ग्रॅम होते. पाण्याचे वस्तुमान २४.९६ ग्रॅम झाले. या तापमानास पाण्याची घनता ०.९९८२ ग्रॅम प्रति मिली असल्याने कुपीचे आकारमान २५.००५ मिली येते. तीच कुपी अल्कोहोलने भरल्यावर ४२.२४ ग्रॅम भरली, तर अल्कोहोलचे वस्तुमान १९.७४ ग्रॅम आणि घनता सुमारे ०.७८९ ग्रॅम प्रति मिली येते. या संपूर्ण गणनेत आकारमान थेट कोठेही मोजलेले नाही, ही बाब लक्षणीय आहे.

पाणी : प्रमाण की मोजावयाची वस्तू?

ही पद्धत पाण्याच्या घनतेवर विसंबून आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅमची व्याख्याच पाण्याच्या एका घन सेंटिमीटरच्या वजनावरून करण्यात आली होती. परंतु १७९९ मध्ये प्लॅटिनमचा किलोग्रॅम तयार झाल्यावर वस्तुमानाचे प्रमाण धातूकडे गेले. १९०१ मध्ये लिटरची व्याख्या कमाल घनतेच्या एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान अशी करण्यात आली. तो लिटर घन डेसिमीटरपेक्षा दशलक्षात सुमारे २८ भागांनी मोठा निघाल्याने १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली. किलोग्रॅमही २० मे २०१९ पासून प्लँक स्थिरांकावर आधारित आहे. पाणी आता एककाचे अधिष्ठान राहिलेले नाही. मात्र कुपीचे आकारमान ठरविण्याचे व्यावहारिक साधन म्हणून त्याचे महत्त्व टिकून आहे.

निष्कर्ष :

१. द्रवाच्या घनतेच्या मापनाचा विकास हा आकारमानाचे मापन वजनाच्या आधारे करण्याच्या प्रक्रियेचा इतिहास आहे.

२. या विकासास केवळ ज्ञानजिज्ञासा नव्हे, तर करआकारणीतील न्याय्यतेची गरजही कारणीभूत ठरली.

३. तापमानाचा उल्लेख नसलेली घनता अपूर्ण होय. ही शिस्त कोष्टके तयार करणाऱ्या प्रयोगकर्त्यांनी रुजविली.

४. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत कुपी तीन वेळा तोलणारा विद्यार्थी या दीर्घ परंपरेचीच पुनरावृत्ती करीत असतो. सूत्रासोबत हा इतिहासही शिकविला गेल्यास, प्रत्येक वजन का घ्यावयाचे हे त्यास आकलन होईल.