‘आपण’ की ‘आम्ही’? स्नूकरच्या जन्मकथेतील मैत्री

खेळांचे इतिहास बहुधा नियमांचे, विक्रमांचे आणि विजेत्यांचे असतात. ज्या स्नेहसंबंधांतून एखादा खेळ मुळात आकाराला येतो, त्यांची नोंद क्वचितच होते. नियम छापले जातात, गुण फळ्यावर मांडले जातात. संध्याकाळच्या गप्पा मात्र मागे कागद ठेवत नाहीत. बिलियर्ड्सच्या टेबलावरील खेळांत ह्याला एक लक्षणीय अपवाद आहे. स्नूकरची जी जन्मकथा आज सर्वत्र सांगितली जाते, ती मुख्यतः जुन्या सोबत्यांच्या आठवणींवर उभी आहे. म्हणून ह्या कथेला आम्हाला दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. मित्रांची साक्ष इतिहासाने कितपत मानावी, हा पहिला. आणि ज्या मैत्रीतून हा खेळ निपजला, तिच्या वर्तुळात नेमके कोण होते, हा दुसरा.

आरंभ ‘पूल’ ह्या शब्दापासून करू. एकोणिसाव्या शतकात पूल हे एकाच खेळाचे नाव नव्हते. खेळणाऱ्या प्रत्येकाने आपला वाटा घालून जमवलेली सामाईक पैज म्हणजे पूल, आणि अशी पैज लावून खेळल्या जाणाऱ्या अनेक प्रकारांना ते नाव मिळाले. बिलियर्ड्स हा प्रामुख्याने दोघांचा खेळ. बाकीच्यांनी पाहत बसायचे. पूलमध्ये पाचसहा जणांना एकदम सामील होता येई. ‘लाइफ पूल’मध्ये प्रत्येकाचा चेंडू वेगळ्या रंगाचा असे आणि प्रत्येकाला ठरावीक ‘जीव’ मिळत. शेवटपर्यंत जो जिवंत राही, त्याची पैज. मराठी कानाला पूल म्हणताच नदीवरचा पूल आठवतो. हे निव्वळ ध्वनिसाम्य आहे, पण अर्थाला अगदीच परके नाही. लष्करी मेससारख्या ठिकाणी, जिथे माणसे बदलीच्या हुकमाने एकत्र येतात आणि तशाच हुकमाने विखुरतात, तिथे अनेकांना एका टेबलाभोवती धरून ठेवणारा खेळ ही चैनीपेक्षा गरजेचीच बाब अधिक होती.

असे एक टेबल १८७५ मध्ये जबलपूरला डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये होते. पावसाळ्याचे दिवस, बाहेरचे खेळ बंद. नेव्हिल फ्रान्सिस फिट्झजेरल्ड चेंबरलेन हा एकोणीस वर्षांचा अधिकारी आपल्या सोबत्यांबरोबर ‘ब्लॅक पूल’ खेळत असे. (पुढे पंतप्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन ते हे नव्हेत.) त्याला टेबलावर आणखी एखादा रंगीत चेंडू ठेवून पाहण्याची कल्पना सुचली, आणि मग एकेक रंग वाढत गेला. ह्याच सुमारास वुलिच येथील लष्करी अकादमीत शिकलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने बोलता बोलता सांगितले, की तिथे पहिल्या वर्षाच्या नवख्या विद्यार्थ्याला ‘स्नूकर’ म्हणतात. थोड्याच वेळाने कोणाचा तरी कोपऱ्याच्या खिशाजवळचा सोपा चेंडू हुकला. चेंबरलेन त्याला म्हणाला, की तू तर अगदी स्नूकर आहेस. शब्दाचा अर्थ कळल्यावर तो सोबती दुखावला असावा. म्हणून त्याची समजूत काढताना चेंबरलेन पुढे म्हणाला, की ह्या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. खेळाला नाव मिळाले ते असे.

साहित्याच्या अभ्यासकाने इथे क्षणभर थांबावे. ह्या प्रसंगात दोन वाक्ये आहेत, आणि त्यांच्यातला फरक केवळ सर्वनामाचा आहे. पहिल्या वाक्यातला ‘तू’ चिडवणारा, वेगळा पाडणारा आहे. दुसऱ्यातला ‘आपण’ सामावून घेणारा. खेळाचे नाव टिकले ते दुसऱ्या वाक्यामुळे. नवा खेळ असल्यामुळे कोणीच त्यात मुरलेला नव्हता. सारेच पहिल्या इयत्तेत. नैपुण्याची उतरंड अजून तयार व्हायची होती आणि त्या अवकाशात मैत्रीला जागा मिळाली. जगातील एका अतिशय काटेकोर, व्यावसायिक खेळाचे नाव मुळात ‘नवशिका’ असे आहे, आणि ते एका मित्राची समजूत काढताना पडले आहे, ही गोष्ट आम्हाला विसरण्याजोगी वाटत नाही.

पुढचा प्रवासही ओळखीपाळखीतूनच झाला. अफगाण युद्धात जखमी झाल्यानंतर चेंबरलेन मद्रास सैन्याचे सरसेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या सेवेत दाखल झाला आणि उन्हाळ्यात उटकमंडला राहू लागला. तेथील क्लबात हा खेळ रुजला, त्याचे नियम लिहून खोलीत लावले गेले. इंग्लंडचा विख्यात बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स १८८५ मध्ये हिंदुस्थानात आला असता कुचबिहारच्या महाराजांबरोबरच्या भोजनप्रसंगी कलकत्त्यात त्याची चेंबरलेनशी गाठ पडली आणि त्याने ह्या खेळाचे नियम विचारून घेतले, असे चेंबरलेनचे कथन आहे.

आता पुराव्याकडे वळू. वर सांगितलेली हकीकत चेंबरलेनने जाहीरपणे मांडली ती मार्च १९३८ मध्ये, ‘द फील्ड’ ह्या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात. खेळाच्या उगमाबद्दल वेगळे दावे छापून येऊ लागले होते, म्हणून. तेव्हा त्याचे वय ८२ होते आणि जबलपूरच्या त्या पावसाळ्याला ६३ वर्षे लोटली होती. पुढच्या वर्षी कादंबरीकार कॉम्टन मॅकेन्झी यांनी ‘द बिलियर्ड प्लेअर’मध्ये लिहून ह्या कथनाला दुजोरा दिला. त्यांच्या पाठीशी होती ती जुन्या लष्करी सोबत्यांची पत्रे; त्यांत फील्ड मार्शल बर्डवुड यांचेही नाव येते.

कठोर इतिहासकार म्हणेल, की हा पुरावा दुबळा आहे. साठ वर्षांनंतरची आठवण, तीही दावेदाराची स्वतःची. आणि साक्षीदार कोण, तर त्याचे स्नेही. आक्षेप खरा आहे. इतक्या काळाने माणसाला नेमके शब्द आठवतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. वारंवार सांगून किस्सा घासूनपुसून गुळगुळीत झालेला असतो. परंतु मित्रांच्या साक्षीत एक गुण असतो, जो दप्तरातल्या कागदात नसतो. तिथे जो हजर होता तोच बोलतो, आणि त्याची चूक पकडू शकणारे दुसरेही हयात असतात. वेगवेगळ्या पलटणींतल्या, दूरदूर पांगलेल्या माणसांनी ‘हा खेळ आम्हाला ह्याने शिकवला’ असे सांगावे, ह्याला काही वजन द्यावेच लागते. तेव्हा संवादाचा शब्दन्‌शब्द आम्ही खरा धरणार नाही. पण खेळ हातोहात, माणसाकडून माणसाकडे गेला, एवढे मानायला हरकत नसावी.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. इंग्रजीत ‘वुई’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत मात्र निवड करावी लागते: ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’. वर आम्ही चेंबरलेनच्या वाक्यात ‘आपण’ घातले. टेबलाभोवतीच्या अधिकाऱ्यांपुरते ते योग्यच आहे. पण बिलियर्ड्सच्या खोलीत आणखी एक माणूस असे: गुण पुकारणारा, काठ्या पुसून ठेवणारा मार्कर. हिंदुस्थानातल्या अशा खोल्यांत तो बहुधा इथलाच असे. त्याच्या कानी पडलेले ते वाक्य ‘आम्ही सगळेच स्नूकर’ असेच असणार. इंग्रजांच्या क्लबांची दारे तेव्हा हिंदी माणसाला सदस्य म्हणून जवळजवळ बंद होती. ह्या साऱ्या कथेत एका हिंदी माणसाला मानाची जागा आहे, आणि तो महाराजा आहे. कथेचा नायकही केवळ खेळकर तरुण राहिला नाही. पुढे तो आयर्लंडच्या सशस्त्र पोलीस दलाचा प्रमुख झाला आणि १९१६ च्या डब्लिनमधील उठावानंतर त्याला पद सोडावे लागले. समजूत काढणारा मित्र आणि साम्राज्याचा अंमलदार ही एकच व्यक्ती होती. एकाने दुसऱ्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण एकाच्या गोडव्यात दुसऱ्याला विसरणेही बरे नव्हे.

‘आम्ही’चे ‘आपण’ व्हायला बराच काळ जावा लागला. १९२२ मध्ये पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवले; कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी ते पुन्हा जिंकले. त्याच स्पर्धेत मुंबईचे मायकेल फरेरा प्रथमच भारतातर्फे खेळत होते. फरेरा पुढे १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जगज्जेते झाले. जोन्स यांनी नंतर शिकवण्याचे काम केले आणि १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. छावणीच्या खोलीत वाढलेली विद्या छावणीच्या गावात जन्मलेल्या माणसाने आपलीशी केली आणि पुढच्यांच्या हाती दिली.

जबलपूरच्या त्या मेसमध्ये शब्द पुरवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कथेत येत नाही. सोपा चेंडू ज्याचा हुकला त्याचेही नाही, आणि मार्करचे तर नाहीच. पहिल्या दोघांना निदान एका वाक्याची जागा मिळाली आहे. मैत्रीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने तिसऱ्याची जागा रिकामी आहे, एवढी तरी नोंद करून ठेवली पाहिजे.