जुनेराचा मान

वापरून जीर्ण झालेल्या लुगड्याला किंवा धोतराला मराठीत ‘जुनेर’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या वस्तूसाठी भाषा असा वेगळा शब्द राखून ठेवते, तिला संसारात काही निश्चित स्थान असले पाहिजे हे उघड आहे. जुनेर ही टाकून देण्याची वस्तू नव्हती. त्याचे दुपटे होई, झबले होई, गोधडीचा थर होई, आणि अखेर भांडी पुसण्याचे फडके होई. परंतु या शब्दाला दुसरीही बाजू होती. जुनेरावर दिवस काढणे ही दैन्याची खूण समजली जाई, आणि परक्याचे जुनेर अंगाला लावावे लागणे ही त्याहूनही मोठी. एकच वस्त्र एके ठिकाणी मायेचे आणि दुसऱ्या ठिकाणी लाचारीचे का ठरावे? इतिहासात याचे उत्तर शोधू लागले म्हणजे असे दिसते की, कापडाच्या वयाशी त्याचा फारसा संबंध नाही. ते वस्त्र कोणी निवडले, कोणी बेतले आणि कोणी कोणाला दिले, यावर सारे अवलंबून असते.

या विषयाचा सर्वांत जुना आणि तपशीलवार वृत्तांत बौद्धांच्या विनयपिटकात सापडतो. आरंभीच्या काळात भिक्षू उकिरड्यावर अथवा श्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करीत, त्या धुऊन, रंगवून आणि जोडून चीवर तयार करीत. अशा वस्त्राला ‘पांसुकूल’, म्हणजे धुळीतून उचललेले, असे नाव होते. पुढे जीवक वैद्याने एक उंची वस्त्रजोडी बुद्धाला अर्पण केली, तेव्हापासून गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्यास अनुमती मिळाली. परंतु कापड नवे असले तरी ते कापून, तुकडे जोडूनच चीवर करावे हा नियम कायम राहिला. त्याचा बेत कसा असावा, याचीही हकीकत नमूद आहे. मगधातून प्रवास करीत असता बांधांनी रेखलेली शेते पाहून बुद्धाने आनंदाला तसा नमुना सुचविला, आणि आनंदाने तो कापडावर उतरविला. आजही बौद्ध भिक्षूंच्या चीवरावर शेताचे ते वाफे दिसतात. फेकलेल्या चिंधीला शिवणीने घाट दिला, आणि त्या घाटातून एका संघाची ओळख निर्माण झाली.

त्याच ग्रंथात कौशांबीचा राजा उदयन आणि आनंद यांचा संवाद आहे. राजाच्या स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू काय करणार, अशी शंका राजाला आली. आनंदाने उत्तर दिले की, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ही देण्यात येतील. मग विरलेल्यांचे काय? त्यांची पांघरणे. जुन्या पांघरणांचे काय? गादीच्या खोळी. जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरणी, अंथरण्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडण्याची फडकी; आणि ती फडकीही झिजली म्हणजे ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवावयाची. हा हिशेब ऐकून राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. काटकसरीचा इतका काटेकोर ताळेबंद प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळेल.

परंतु श्मशानातल्या वस्त्राचा याच देशात दुसराही एक इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे विधान आहे, आणि त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही सांगितले आहे. वस्त्र तेच, जागाही तीच. भिक्षूने ते आपण होऊन उचलले होते, चांडाळावर ते लादले गेले. एकाचा त्याग झाला आणि दुसऱ्याची जन्मखूण झाली. महाराष्ट्रातही गावकीच्या व्यवस्थेत मृताच्या अंगावरील वस्त्र हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. ज्याला नकार देण्याची सोय नाही, त्याला हक्क म्हणणे ही शब्दांची क्रूर थट्टाच होती.

उतरलेल्या वस्त्राचा तिसरा प्रकार राजदरबारी पाहावयास मिळतो. मोगल बादशहा ज्याच्यावर प्रसन्न होई त्याला खिलअत देई, आणि तीत बादशहाने स्वतः अंगावर घातलेले वस्त्र हा सर्वोच्च मान समजला जाई. येथे वापरलेपणामुळे वस्त्राचे मोल वाढे. मात्र ते स्वीकारणारा देणाऱ्याचे स्वामित्वही मान्य करी. 12 मे 1666 रोजी आग्र्याच्या दरबारात इतरांना खिलती मिळाल्या आणि शिवाजी महाराजांना मिळाली नाही, तेव्हा तो अपमान कापडाचा नव्हता, दर्जाचा होता, हे तेथील प्रत्येकाला कळले. पुढे साताऱ्याहून पेशवेपदाची ‘वस्त्रे’ मिळत, आणि पद मिळणे व वस्त्रे मिळणे हे दोन शब्दप्रयोग मराठीत एकच झाले.

दरबार आणि धर्मशास्त्र यांच्यापासून दूर, घराघरांत मात्र जुन्या कापडाचे एक शांत शास्त्र चालू होते. लुगडे मध्यभागी विरले की तेवढा भाग काढून उरलेली टोके दांड घालून जोडीत. सदऱ्याची कॉलर मानेशी झिजली की ती उसवून उलटवीत. मुलाचा कपडा ‘वाढत्या अंगाचा’ शिवीत, म्हणजे कापड आत दुमडून ठेवीत आणि दरवर्षी एकेक दुमड सोडीत. थोरल्याचे धाकट्याला येई, आणि धाकट्याला आखूड झाले की त्याची पिशवी होई. तान्ह्या मुलाला नव्या कोऱ्या कापडापेक्षा आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याचे झबले बरे, ही समजूत केवळ काटकसरीची नव्हती. शंभर वेळा धुतलेले सुती कापड कोवळ्या अंगाला टोचत नाही, हा अनुभव तिच्यामागे होता.

हे शास्त्र भारतभर निरनिराळ्या नावांनी नांदत आले आहे. महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ, बंगालमध्ये कांथा, बिहारात सुजनी, राजस्थान व कच्छकडे रल्ली. सर्वांचे मूळ एकच: जुन्या कापडाचे थर आणि त्यांवर धावदोरा. बंगालच्या स्त्रिया कांथेवर नक्षी काढण्यासाठी जुन्या साड्यांच्या काठांतलेच रंगीत धागे ओढून काढीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपली कवंदी कडेकडून मध्याकडे शिवीत नेतात, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुले लावतात. ही फुले नसली तर कवंदी उघडी समजली जाते. उपयोगाच्या दृष्टीने या फुलांची काहीच गरज नाही. उबेत त्यांनी भर पडत नाही. तरीही ती लागतातच, कारण जुन्यातून केलेली वस्तू ओशाळवाणी दिसता कामा नये, हा करणारीचा आग्रह असतो. सामान्य माणसाची स्वतःची शैली म्हणून जे काही असते ते या कोपऱ्यावरच्या फुलातच दिसते.

विसाव्या शतकात हा घरगुती विषय एकदम सार्वजनिक वादाचा झाला. 31 जुलै 1921 रोजी मुंबईत परळ येथे गांधीजींच्या हस्ते विदेशी कापडाची मोठी होळी झाली. सी. एफ. अँड्र्यूज यांना या दृश्याने धक्का बसला. आपल्यासारख्याच माणसांनी कष्टाने विणलेले कापड जाळणे त्यांना रुचले नाही. रवींद्रनाथ टागोरांचा आक्षेप निराळा होता: देशात माणसे उघडी असताना ही वस्त्रे जाळण्याचा अधिकार कोणाला आहे? आक्षेप बिनतोड वाटतो. गांधीजींनी ऑक्टोबर 1921 मध्ये दिलेल्या उत्तराचा आशय असा की, उघड्याला न मागितलेले कपडे देणे हा त्याचा अपमान आहे. त्याला हवे आहे ते काम. उष्टे अन्न आणि अंगावरून उतरलेली वस्त्रे न देता आपल्याजवळचे उत्तम तेच त्याला द्यावे, आणि त्याच्याबरोबर श्रमात उतरावे. होळी योग्य होती की नाही याबद्दल मतभेद राहतील. परंतु देणगीचा विचार घेणाऱ्याच्या जागेवरून करावा, हे सूत्र त्या वादातून स्पष्ट झाले. याच गांधीजींनी 1924 साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. घरात बसून आपला कपडा आपण बेतण्याची शक्ती ते यंत्र देत होते.

घेणाऱ्याच्या जागेवरून या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले ते महाडला. 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात पोशाखाचा विषय काढला. लुगडे नेसण्याची जी पद्धत अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखली जात होती ती सोडावी, अंगभर नीट नेसावे, गळ्या-हातांतले जड दागिने टाकावेत आणि स्वच्छ राहावे, असे त्यांनी सांगितले. नेसण्याची पद्धत बदलण्यास एक पैही लागत नव्हती. मात्र आपण कसे दिसावे हे दुसऱ्याने ठरविण्याचा शतकांचा प्रघात त्या बदलाने मोडत होता. उतरलेल्या वस्त्रांच्या दीर्घ इतिहासातला हा निर्णायक क्षण मानला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाने जुन्या कपड्याची सक्ती श्रीमंत देशांवरही आणली. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि पहिल्या वर्षासाठी माणशी 66 कूपने मिळाली. 1943 साली सरकारने ठिगळ कसे लावावे, जुन्या कोटाचा झगा कसा बेतावा, हे शिकविणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. रेशनिंग 1949 पर्यंत चालले. तेथे ठिगळ ही देशसेवा ठरली, कारण नियम सर्वांना एकच होता. हिंदुस्थानातही 1943 मध्ये कापड-नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि ठरावीक दराचे ‘स्टँडर्ड’ कापड बाजारात आले. परंतु काळा बाजार फोफावला, आणि बंगालमध्ये दुष्काळापाठोपाठ कापडाचीही भीषण टंचाई झाली. तेथे टंचाईचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, म्हणून ठिगळालाही तो मान मिळाला नाही.

घरात न खपणारे जुनेर बाहेर नेण्याचे काम महाराष्ट्रात बोहारणीने केले. एका पातेल्यासाठी तीन साड्या की चार, ही दारातली घासाघीस म्हणजे जुन्या कापडाचा बाजारभावच होता. दिल्लीत रघुवीर नगर येथे वाघरी समाजाने गोळा केलेल्या अशा कपड्यांचा बाजार पहाटेच्या अंधारात भरत आला आहे. पानिपत हे नाव मराठी मनाला 1761 मुळे परिचित. परंतु फाळणीनंतर ते शहर विणकरांचे झाले, आणि परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून त्यांच्या सुतापासून स्वस्त ब्लँकेटे विणण्याचे मोठे केंद्र बनले. या सुताला शॉडी म्हणतात, आणि ते काढण्याची युक्ती बेंजामिन लॉ याने 1813 साली इंग्लंडमधील बॅटली येथे प्रथम केली.

2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे आले, आणि त्यांतले पुष्कळसे रस्त्याकडेला ढिगांनी पडून राहिले. सर्वस्व गेलेल्या कोळी कुटुंबांनीही ते घेतले नाहीत. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने ते ढीग गोळा करून उपयोगात आणले. ही संस्था कपडे निवडून, दुरुस्त करून देते आणि गावाने केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देते. गुप्ता यांना 2015 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1921 च्या वादातील दोन्ही बाजूंना, टागोरांच्या कळकळीला आणि गांधीजींच्या अटीला, या पद्धतीत स्थान आहे.

आज शहरांतली तरुण मंडळी वडिलांचा सदरा बाह्या दुमडून घालतात, आईच्या साडीचा कुर्ता शिवतात. नागालँड-मिझोरामच्या बाजारांत जुन्या परदेशी कपड्यांच्या गठ्ठ्यांतून स्वतःचा वेश जुळविणारी मुले-मुली दिसतात. जुनेराला पुन्हा मान येत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण हा मान निवड करू शकणाऱ्याला मिळतो, हेही विसरता कामा नये. ज्याच्यापुढे निवडच नाही त्याच्या हाती जुना कपडा देण्यापूर्वी तो धुतलेला आहे का, त्याची बटणे जागेवर आहेत का, आणि तो त्याच्या अंगाला व रीतीला शोभेल का, एवढे पाहण्यास सुई-दोरा आणि अर्धा तास पुरतो.