मुंग्यांचा पहारा

पऱ्हाटीचं पान कधी उलटून पाहिलंय? मधल्या शिरेवर एक बारीक खळगा असतो. त्यातून गोड रस पाझरतो आणि तो चाटायला मुंग्या येतात. लहानपणी आमच्या पिपरी मेघेच्या शिवारात मला वाटायचं, या मुंग्या पऱ्हाटीच खातात. म्हणून दिसतील तेवढ्या चिरडायचो. पुढे थॉमस बेल्ट यांची हकिगत वाचली आणि ओशाळलो.

बेल्ट हे इंग्रज खाण अभियंते. १८६८ ते १८७२ या काळात ते मध्य अमेरिकेत, निकाराग्वातल्या सोन्याच्या खाणीवर होते. तिथे त्यांना आपल्या बाभळीच्या नात्यातलं एक झाड दिसलं. त्याचे काटे बैलाच्या शिंगांसारखे, जोडीजोडीनं. मुंग्या काट्याला भोक पाडतात, आतला गर काढतात आणि तिथेच संसार थाटतात. झाड त्यांना देठावरच्या ग्रंथींतून मध देतं, पर्णिकांच्या टोकांना पिवळे पौष्टिक दाणे देतं. आणि झाडाला कुणी हात लावला, की अख्खी फौज चावायला धावते! झाड मुंग्यांना फुकट पोसत नाही, ते आपल्या पानांची राखण करून घेतं, असं बेल्ट यांनी १८७४ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. खुद्द डार्विन यांनी ते पुस्तक वाखाणलं.

तरीही अनेक अभ्यासकांना हे पटेना. मुंग्या म्हणजे निव्वळ आयतोबा, असं त्यांचं म्हणणं. निकाल लागायला नव्वदेक वर्षं गेली. डॅनियल जॅन्झन या तरुण अमेरिकन संशोधकानं मेक्सिकोत काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या. ती झाडं किडींनी ओरबाडली, वेलींनी दडपली. मुंग्यांची झाडं मात्र तरारली. १९६६ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि बेल्ट खरे ठरले.

पऱ्हाटीचा करार इतका पक्का नाही. ती मुंग्यांना मध देते, घर देत नाही. काही मुंग्या बोंडअळीची अंडी, बारीक अळ्या उचलून नेतात. पण माव्याचा गोड स्राव मिळाला, तर त्याच मुंग्या माव्याचीही राखण करतात! मित्र की शत्रू, हे एका नजरेत ठरत नाही. फवारणीला मात्र हा भेद कळत नाही. ती पहारेकऱ्यालाही मारते.

म्हणून मंडळी, पाठीवर पंप घेण्याआधी एकदा पान उलटून पाहा. मुंगी तिथे काय करते आहे, ते बघा. बेल्ट यांनीही सुरुवातीला एवढंच केलं होतं.