शब्दवेध : मंडळी

‘मंडळी जेवायला बसली’ म्हणताना डोळ्यांपुढे माणसं येतात, भिंती नव्हे. मराठी बायबलनं ग्रीक ‘एक्लेसिया’साठी, म्हणजे चर्चसाठी, हाच घरगुती शब्द निवडला, याचं मला फार अप्रूप वाटतं. अथेन्समध्ये एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा. मुळात हाक देऊन बाहेर बोलावलेली माणसं. हाच शब्द लॅटिन आणि पोर्तुगीजमधून गोव्यात ‘इगर्ज’ होऊन पोचला, तो मात्र इमारतीचं नाव म्हणून. कन्नड बायबल उघडलं, तर तिथे ‘सभे’ भेटते. म्हणजे पुन्हा माणसंच.

‘मंडळी’च्या पोटात संस्कृत ‘मंडल’ आहे, वर्तुळ. वर्तुळात बसलं की एकमेकांची तोंडं दिसतात, कोण उपाशी आहे तेही कळतं. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल खडसावतो तो नेमका यावरून : प्रभुभोजनाला जमलेल्यांत कुणी पोटभर जेवतो, कुणी भुकेलाच राहतो. ही पंगत सुधारल्याशिवाय उपासना खरी नाही, असं त्याचं म्हणणं, आणि मला ते अक्षरशः पटतं.

मराठीत हे वर्तुळ आणखी रुंद केलं ते ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली.